मुबारक मिस्त्रीची हनुवटी

भोरात मुबारक मिस्त्रींनी बसवलेलं दार ओळखायला फार अक्कल लागत नाही. ते बंद होताना आवाज करत नाही, पावसाळ्यात फुगून अडत नाही, आणि घरमालकाला त्याच्याबद्दल सगळं तोंडपाठ असतं. तोंडपाठ असतं, कारण मिस्त्री काम एकदा करतात आणि ते कसं केलं हे तीनदा सांगतात. लाकूड कुठलं, ते किती उन्हाळे वाळवलं, बिजागऱ्या दोन का नाहीत आणि तीनच का, हे ऐकून घेतल्याशिवाय हत्यारांची पिशवी उचलली जात नाही. घाई असलेल्या माणसाने दुसरा सुतार बघावा.

तसा माणूस सरळ. व्यसन नाही, शब्दाचा पक्का. खोड एकच, आपलं म्हणणं चुकू शकतं ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती. कुठल्याही भानगडीचं उत्तर त्यांना सुतारकीत सापडायचं. एसटी उशिरा का येते, सरपंच का पडला, पुतण्याचं भावाशी का बिनसलं, सगळ्याला कारण एकच, पाया ओळंब्यात नव्हता. लग्नाच्या पंगतीला बसले तरी पहिला घास घेण्याआधी मांडवाच्या खांबाकडे एक डोळा मिटून बघणार. खांब कललेला निघाला तर शेजारी बसलेल्याची ताक येईपर्यंत सुटका नाही.

आणि मिस्त्रींची हनुवटी. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय मिस्त्री डोळ्यापुढे उभे राहायचे नाहीत. खालचा जबडा वरच्याच्या चांगला पुढे आलेला. समोरून कोणी आलं की आधी हनुवटी भेटायची, मग मिस्त्री. तिची त्यांना लाज तर नव्हतीच, उलट अभिमान होता. काम करताना ते खालच्या ओठात चार खिळे धरत आणि बोलत राहत, खिळा एक पडत नसे. हे दुसऱ्या कुठल्या सुताराला जमतं का सांगा, म्हणायचे.

एकवीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली, गुलफशा. एकुलती एक. सहा महिन्यांची झाली आणि सगळ्या गल्लीला दिसलं की हनुवटी बापाची आहे. जो येई तो म्हणे, मिस्त्री, शिक्का तुमचाच हो. मिस्त्री फुलून जायचे. कुलसुम, त्यांची बायको, ऐकून हसायची आणि काही बोलायची नाही. पोरगी चालायला लागल्यावर मिस्त्री तिला कामावर नेऊन गिऱ्हाइकांना दाखवायचे, स्वतः बनवलेलं कपाट दाखवावं तसं.

ती मुलगी आता एसटी स्टँडजवळच्या ई-सेवा केंद्रात लोकांचे फॉर्म भरते. समोरच्या दातांनी तिला काही तोडता येत नाही. वरचे दात खालच्यांना भेटतच नाहीत. पेरू खायचा तर सुरीने फोडी करून, भाकरी दाढेने ओढून. दोन वर्षं कानापुढे जबड्याचा सांधा दुखत होता, जांभई दिली की कटकन वाजायचा. शेवटी ती आपली आपण दातांच्या डॉक्टर नीरजांच्या दवाखान्यात गेली आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, की जबड्याचं ऑपरेशन करावं लागेल, आणि त्याच्या आधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावाव्या लागतील.

 मिस्त्रींना ऑपरेशनची भीती होतीच, पण खरं दुखलं ते दुसरंच. पोरीला आपली हनुवटी नको झाली, हे त्यांना लागलं. पण असं तोंडाने म्हणायचं तर बापाने कसं म्हणायचं? मग त्यांनी म्हणण्यासारखी एक गोष्ट शोधली.

"आधी तारा आन मागनं आपरेशन?" ते म्हणाले. "ही उलटी कारागिरी हाय. आमी न्हाई आसलं काम करू देणार."

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात जाऊन बसले. नीरजाबाई मूळच्या भोरच्याच, पुण्याला शिकून परत आलेल्या. त्यांच्या घराची सगळी दारं मिस्त्रींचीच होती, त्यामुळे काय वाढून ठेवलंय याची त्यांना कल्पना होती. त्यांनी गुलफशाचा एक्सरे काँप्युटरवर लावला.

"मॅडम, जबडा म्हंजी चौकट," मिस्त्रींनी सुरुवात केली. "दात म्हंजी झडप. चौकट वाकडी आसंल तर आधी चौकट सरळ करायची, मग तिच्या मापानं झडप बसवायची. तुमी वाकड्या चौकटीत आधी झडप सरळ करायला निघालाय. ह्याला काय अर्थ हाय?"

"मिस्त्री, हे बघा. हिचा खालचा जबडा जसजसा पुढे वाढत गेला, तसतसे खालचे दात मागे कलत गेले आणि वरचे पुढे झुकले. एकमेकांना गाठायची धडपड. इतकी वर्षं ते वाकड्या जबड्याला सांभाळून घेतायत. आता जबडा सरळ केला आणि दात तसेच कललेले ठेवले, तर ते एकमेकांवर बसणारच नाहीत. म्हणून आधी तारा लावून दात आपापल्या हाडावर ताठ उभे करायचे. मग जबडा मागे घ्यायचा. मग दात बरोबर दातावर बसतात."

"ते दात झाले. लाकडाचं तसं नसतं."

"मी दातांबद्दलच बोलतेय."

"आन समद्यांनाच आसं करत्यात? आधी तारा?"

नीरजाबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या, तिथेच चुकल्या. "काही जणांचं आधी ऑपरेशन करतात आणि तारा नंतर लावतात. पण ज्यांचे दात मुळात फारसे कललेले नसतात त्यांचं. गुलफशाचं तसं नाही."

मिस्त्रींनी पहिलं वाक्य तेवढं उचललं आणि उठले. पुढचे तीन आठवडे सगळ्या भोरात ते सांगत होते, की डॉक्टरीणबाईंनी स्वतः कबूल केलंय, आधी चौकट करत्यात म्हणून.

घरात मात्र अबोला. गुलफशा एकदाच बोलली. "अब्बा, मी एकवीस वर्षांची हाय. सही माझी मी करू शकते. पण जबड्याचं ऑपरेशन हाय ते. मला तुमी संगं पायजे."

मिस्त्री कुऱ्हाडीचा दांडा तासत राहिले.

"तुमाला चौकटीचं काय बी पडलेलं न्हाई," कुलसुम आतून म्हणाली. "तुमाला हनुवटीचं दुखतंय."

हे इतकं खरं होतं की मिस्त्रींना वादच घालता येईना. म्हणून त्यांनी ठरवलं, आता बोलून नाही, करून दाखवायचं. संधीही चालून आली. राजगडाच्या पायथ्याला पाली गाव आहे, तिथे रखमाजीबाबा आणि त्यांची मंडळी गडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांना पिठलं-भाकरी करून घालतात. त्यांच्या घराचं पुढचं दार तीस वर्षं कललेलं. उंबरा एका बाजूने खचला होता आणि चौकट डाव्या अंगाला चांगली चार बोटं झुकली होती. मुलाने घराचं होमस्टे करायला काढलं होतं, त्यामुळे दार सरळ करायचा निरोप आला.

शनिवारी मिस्त्री एकटे जाऊन चौकट काढून, उंबरा उचलून, ओळंबा धरून, सिमेंट भरून आले. रविवारी झडप लावायची होती. सकाळी त्यांनी गुलफशाला उठवलं. म्हणाले, "स्कूटी काढ. आज तुला दावतो, चौकट सरळ झाली की झडप कशी गुमान बसती ती. मग सांग तुझ्या डाक्टरणीला."

कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत बापलेक पालीत पोचले. वाटेत मिस्त्री मागे बसून व्याख्यान देत होते आणि हेल्मेटमुळे पोरीला ऐकू येत नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

आता यात मिस्त्रींची चूक अशी झाली, की झडपेकडे त्यांनी नीट बघितलंच नव्हतं. ती तीस वर्षं बिनतक्रार लागत होती, म्हणजे झडप चांगली, असं ते धरून चालले होते. वादाच्या नादात चाळीस वर्षांचा अनुभव घरी राहिला म्हणायचा. आत चुलीपुढे रखमाजीबाबा आणि त्यांची म्हातारी भाकऱ्या थापत होते, कारण बावीस ट्रेकर गड उतरून यायचे होते. मिस्त्रींनी लांब पट्ट्यांच्या बिजागऱ्यांवर झडप चढवली, स्क्रू पिळले, बाहेर आले, कडी धरली आणि पोरीकडे बघून दार ओढून घेतलं.

दार लागेना. झडपेचा वरचा कोपरा चौकटीला आडवा येत होता.

"सरळ केलेली चौकट हाय, जरा लाजती," मिस्त्री म्हणाले. दोन्ही हातांनी कडी धरली, अंगाचा भार मागे टाकला आणि हिसका दिला. दार लागलं. कडी मिस्त्रींच्या हातात आली.

मग दार उघडेना. ढकलून उघडेना, खांदा लावून उघडेना. वरचा कोपरा चौकटीत रुतून बसलेला, आणि खाली उंबऱ्याशी मांजर जाईल एवढी फट. त्या फटीतून मांजर खरोखरच एकदा आत गेलं, एकदा बाहेर आलं. मागचं दार मुलाने होमस्टेचं बाथरूम बांधताना बुजवून टाकलं होतं. हातोडा घालावा, तर चौकटीचं सिमेंट काल भरलेलं, सगळी चौकट हलली असती. आपल्या हाताने ओळंब्यात उभी केलेली चौकट मिस्त्री हलवू देणार नव्हते.

"मुबारक," आतून रखमाजीबाबा म्हणाले, "तीस वर्सं वाकडं व्हतं, पर उगडत व्हतं."

तेवढ्यात बावीस माणसं घामेजून, भुकेजून अंगणात आली. मग जे झालं ते पालीत अजून सांगतात. खिडकीला उभे गज. भाकरी घडी घालून गजातून येत होती, ताट काही येईना. उभं केलं तर पिठलं सांडणार. शेवटी म्हातारीने चहाचे ग्लास काढले आणि ग्लासातून पिठलं बाहेर पाठवायला सुरुवात केली. गुलफशा खिडकीशी उभी राहून वाटप करत होती. पुण्याची ती पोरं ग्लासात भाकरी बुडवून खात होती आणि फोटो काढत होती. एकाने तर विचारलं, ही इथली पद्धत आहे का? गुलफशा हो म्हणाली.

मिस्त्री या सगळ्यात नव्हते. ते दारापुढे उकिडवे बसून पहिल्यांदा त्या झडपेकडे बघत होते. वरची कड रंधा मारून तिरकी केलेली. एकदा नाही, दर पावसाळ्यानंतर थोडी थोडी. खालच्या कडेला कुणीतरी पाचरीसारखी पट्टी ठोकलेली, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. चौकट जशी झुकत गेली तशी आलेल्या प्रत्येक सुताराने झडप तासून, पट्टी मारून तिला वाकड्या चौकटीच्या मापाची करून टाकली होती. झडप सरळ दिसत होती, कारण वाकडी ती चौकटीइतकीच झाली होती. आणि त्यातलं पहिलं रंधा मारायचं काम, तरुणपणी बापाबरोबर येऊन, मिस्त्रींनी स्वतः केलेलं होतं.

गुलफशा मोकळी होऊन शेजारी आली. तिनेही झडपेकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बापाकडे. आणि हत्यारांच्या पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यांच्या हातात दिला.

स्क्रू-ड्रायव्हर गजातून आत गेला. पंचाहत्तर वर्षांच्या रखमाजीबाबांनी स्टुलावर चढून, तोंडाने यथेच्छ आशीर्वाद देत, पाऊण तासात बिजागऱ्या सोडवल्या. झडप निघाली. मिस्त्रींनी ती अंगणात आडवी टाकली, पट्टी उपटली, वरच्या कडेला नवा तुकडा जोडून गुण्या लावून काटकोनात घेतली आणि दिवस मावळायच्या आत ती चौकटीत अशी बसवली की आवाज नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी ते कसं केलं हे कुणालाही सांगितलं नाही.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी ते पायरीवर हजर होते.

"मॅडम," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, "तुमच्या ध्यानात एक गोष्ट आली न्हाई. त्ये दात हायेत ना, त्ये वाकड्या जबड्याच्या मापानं कलल्यात. आता जबडा आधी सरळ केला तर दात बसणारच न्हाईत. सांदा अडंल. म्हून आधी तारा लावून दात सरळ करून घ्यायला पायजेत. आन मगच आपरेशन."

नीरजाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाहेर बसलेल्या कंपाऊंडरला खोकला आला.

"बरं झालं सांगितलंत, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "तसंच करू."

तारा लागल्या. आणि नीरजाबाईंनी जे आधीच बजावून ठेवलं होतं तेच झालं. मागे कललेले खालचे दात सरळ उभे राहत गेले, तशी वरच्या आणि खालच्या दातांमधली फट वाढत गेली. आठव्या महिन्यात गुलफशाची हनुवटी बापाच्याही पुढे दिसायला लागली. गल्लीत चर्चा सुरू झाली, डॉक्टरणीने पोरीचं वाटोळं केलं. कुलसुमचा धीर सुटायला लागला. खुद्द गुलफशा एकदा आरशापुढे बसून रडली, म्हणाली, "काढून टाका ह्या तारा, मला न्हाई जमत."

आणि इथे मिस्त्री कामाला आले. त्यांची वाद घालायची खोड जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाला आली. प्लायवूडच्या एका तुकड्यावर त्यांनी पेन्सिलीने चौकट आणि झडप काढली होती. कुणी गुलफशाबद्दल चकार शब्द काढला की तो तुकडा पिशवीतून बाहेर यायचा. शिरवळहून पाव्हणे तिला बघायला आले, तर मिस्त्रींनी पोरीला बाहेर बोलवायच्या आधी त्यांना तासभर दातांचा कल समजावून दिला. पाव्हणे पोहे अर्धे टाकून गेले. गुलफशा आत पोट धरून हसत होती. तारा काढायचं तिने परत नाव काढलं नाही.

चौदाव्या महिन्यात पुण्याला ऑपरेशन झालं. सकाळी तिला आत नेताना तिने बापाचं बोट धरलं होतं, ते दारापाशी सोडावं लागलं. पाच तास मिस्त्री बाकावर बसून होते. कुलसुम तसबीचे मणी ओढत होती. मिस्त्रींना समोरच्या दाराची बिजागरी कुरकुरताना ऐकू येत होती आणि तिच्याबद्दल काही बोलावं असं वाटलं नाही. त्यांना एकच भीती होती. दार उघडेल, पोरीला बाहेर आणतील, आणि आपल्याला ती ओळखू येणार नाही. असलं काही मनात येतं याची त्यांना लाज वाटली, पण येत होतं.

बाहेर आली तेव्हा खरंच ओळखू येत नव्हती. तोंड सुजून भोपळ्याएवढं, वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले. पुढचे दीड महिने पेज, सूप, मिक्सरमधनं काढलेली खिचडी. बोलायचं ते पाटीवर लिहून. मिस्त्रींना घरात वाद घालायला कुणी राहिलं नाही.

सूज हळूहळू उतरत होती. रोज बघणाऱ्याला ते जाणवत नाही. एका जुम्म्याच्या सकाळी मिस्त्री अंगणात पटाशीला धार लावत बसले होते. न्हाऊन, केसांना टॉवेल गुंडाळून गुलफशा बाहेर आली, उन्हात उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघून हसली. मिस्त्रींचा हात दगडावर थांबला. समोर कुलसुम उभी होती. आत्ताची नव्हे. निकाह होऊन सासवडहून त्यांच्या घरात आली होती, ती वीस वर्षांची कुलसुम. तेच कपाळ, तेच डोळे, हसताना डावा गाल जरा जास्त वर जाणारा.

मिस्त्रींनी बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात आली.

"कुलसुम," ते पोरीकडे बोट करत म्हणाले. "आगं, ही तर तू हैस."

कुलसुमने लेकीकडे बघितलं. तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"पैल्यापास्नंच हाय," ती म्हणाली. "डोळं माझं, गाल माझं, हसणं माझं. बावीस वर्सं तुमी कुनी हनुवटीच्या वर बघितलंच न्हाई."

हे बोलताना ती लेकीकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती.